अमेरिकेतल्या लॉ स्कूलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वेगळी संघटना कशाला?

तुमचा प्रश्न असा, की सगळे एकाच वर्गात बसतात, मग ही वेगळी चूल कशासाठी? एलएलएमसाठी तिकडे गेलो तेव्हा मीही हेच म्हणायचो.

लॉ स्कूलमध्ये अर्धं शिक्षण पुस्तकाबाहेर असतं. प्राध्यापक अचानक नाव पुकारून खटल्यावर प्रश्नांची सरबत्ती करतात आणि बऱ्याच विषयांत सगळे मार्क शेवटच्या एकाच पेपरला. घरात कोणी वकील असेल तर या खाचाखोचा आधीच कानावर पडलेल्या असतात. माझ्या घराण्यात कोर्टाची पायरी चढलेला मी पहिलाच (आरोपी म्हणून चढलेले धरत नाही).

ब्लॅक लॉ स्टुडंट्स असोसिएशनच्या, म्हणजे तिथल्या बोलीत ‘बाल्सा’च्या खोलीत एका सीनियर मुलीनं मला कॉन्ट्रॅक्टच्या नोट्स दिल्या. तीन बॅचेसच्या हातांखालून आलेल्या. समासात पिवळ्या खुणेशेजारी लिहिलं होतं: ‘सर निकाल विचारत नाहीत. एक फॅक्ट बदलतात आणि मग विचारतात.’ पुढच्याच आठवड्यात माझं नाव पुकारलं गेलं आणि झालंही तसंच.

या संघटनेची सुरुवात 1968 साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत झाली, ए. जे. कूपर या विद्यार्थ्यानं केली. पण मूळ दुखणं जुनं. हेमन स्वेट यांना केवळ वर्णामुळे टेक्सासच्या लॉ स्कूलनं नाकारलं आणि राज्यानं कृष्णवर्णीयांसाठी घाईघाईनं वेगळं स्कूल उघडलं. 1950 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते चालवून घेतलं नाही. माजी विद्यार्थ्यांचं वजन, संस्थेचं नाव, परंपरा यांचं मोजमाप होत नाही, पण त्यांच्यावरच लॉ स्कूल उभं असतं, असं कोर्ट म्हणालं. दार उघडलं तरी हे वजन आपोआप मिळत नाही. म्हणून नोट्स, मूट कोर्टची म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्याची तयारी, मोठ्या फर्ममधल्या माजी विद्यार्थ्यांशी ओळखी, सगळं संघटना जमवते. फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाची त्यांची मूट स्पर्धा तर देशपातळीवर होते.

2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आणली. हार्वर्ड लॉमध्ये पहिल्या वर्षाला त्या साली 43 कृष्णवर्णीय विद्यार्थी होते, 2024 ला 19. त्या वर्षी नोट्स पुढे द्यायला हातच कमी झाले.

आणि हो, आमच्या लॉ स्कूलमध्ये ‘बाल्सा’च्या खोलीत कुणालाही जाता यायचं. मी पहिल्यांदा गेलो तो फुकटच्या पिझ्झासाठी.