एकीकडे गुठळ्या, दुसरीकडे रक्तस्राव, हे कसं काय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आई ६३ वर्षांची. लघवीचं इन्फेक्शन रक्तात पसरलं म्हणून नऊ दिवस आयसीयूत होती. तिसऱ्या दिवशी बोटांची टोकं निळी-काळी पडली, म्हणे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतायत, आणि त्याच दिवशी हिरड्यांतून नि सुई टोचलेल्या जागेतून रक्त पाझरत होतं. प्लेटलेट ४२ हजार, डी-डायमर (रक्तात गुठळ्या झाल्याची खूण) खूप वाढलेलं. आधी रक्त पातळ करायचं इंजेक्शन होतं, मग ते थांबवून प्लाझ्मा दिला. आता ती घरी आलीय, पण माझ्या डोक्यातून जात नाही, रक्त गोठत होतं की वाहत होतं? कुणाचं काही चुकलं का?

उत्तर : दोन्ही होत होतं, एकाच वेळी. याला डीआयसी (डिसेमिनेटेड इंट्राव्हॅस्क्युलर कोअ‍ॅग्युलेशन, म्हणजे अंगभर वाहिन्यांच्या आत रक्त गोठणं) म्हणतात आणि तुम्ही जे पाहिलंत ते त्याचंच चित्र आहे, त्यामुळे तुमचा गोंधळ होणं अगदी साहजिक आहे.

रक्त गोठणं म्हटलं की आपल्याला जखमच आठवते, पण जंतूला आहे तिथेच अडकवून ठेवणं हेही त्याचं काम. हॉर्सशू क्रॅब नावाचा समुद्री जीव आहे, त्याच्या रक्ताला जंतूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातलं विष) जरासं जरी लागलं तरी ते गोठतं, इतकं हमखास की इंजेक्शनची औषधं शुद्ध आहेत का ते बघायला त्याच्याच रक्ताचा अर्क वापरत आलेत. आपल्यातही पांढऱ्या पेशी जंतू दिसला की टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन पुढे करतात आणि गोठण्याची साखळी सुरू होते, शिवाय न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात (हे २००४ मध्ये लक्षात आलं), त्यात जंतू अडकतात आणि प्लेटलेटही चिकटतात.

एका जागी झालं तर हे फायद्याचंच. सेप्सिसमध्ये, म्हणजे आईसारखं इन्फेक्शन रक्तात पसरतं तेव्हा, मात्र ते अंगभर सुरू होतं, प्रोटीन सी आणि अँटिथ्रॉम्बिन हे नैसर्गिक ब्रेक कमी पडतात, गुठळी विरघळवणारी यंत्रणाही दबते, मग बोटं, किडनी, फुफ्फुसं यांच्या केसासारख्या वाहिन्या तुंबतात. आणि या सगळ्या गुठळ्यांत प्लेटलेट, फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे बनवणारं प्रथिन) असा माल खर्ची पडतो, शरीर तेवढ्या वेगाने नवा बनवू शकत नाही. म्हणून सुईच्या एवढ्याशा भोकाला बुजवायलाही काही उरत नाही.

औषध बदललं त्याबद्दल : तुमचा कागद मी पाहिलेला नाही, पण झोपून असलेल्या पेशंटला गुठळी होऊ नये म्हणून ते इंजेक्शन सर्रास देतात, आणि रक्तस्राव सुरू झाला, प्लेटलेट ५० हजारांच्या खाली गेल्या की ते थांबवून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग, त्यात गोठवणारे घटक असतात) किंवा प्लेटलेट देतात. दिशा बदलली म्हणजे आधीचं चुकलं असं होत नाही. खरा इलाज इन्फेक्शनचाच, वेळेवर अँटिबायोटिक आणि लघवी कुठे अडली असेल तर ती मोकळी करणं. नुसतं गोठण्यावर बोट ठेवून भागत नाही, वर सांगितलेल्या ब्रेकपैकीच एक, सक्रिय प्रोटीन सीचं औषध २००१ मध्ये मोठ्या आशेने आलं, पण नव्या चाचणीत जीव वाचवण्यात उपयोग दिसला नाही म्हणून २०११ मध्ये परत घेतलं.

बोटांचं म्हणाल तर काळा भाग कापायची घाई सहसा करत नाहीत, जिवंत आणि मेलेल्या भागाची सीमा स्पष्ट व्हायला कित्येक आठवडे लागतात. तोवर जागा कोरडी ठेवा, गरम पाण्याचा शेक अजिबात नको, आणि पाणी सुटलं, वास आला, ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.