परदेशी जाताना प्रत्येक उपकरणासाठी वेगळा कन्व्हर्टर (व्होल्टेज बदलणारे उपकरण) घ्यावा लागतो का?

बहुतेक वेळा नाही. आधी चार्जरवरची बारीक अक्षरे वाचावीत. तेथे ‘इनपुट’पुढे १००-२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्‌झ असे छापलेले असेल, तर तो चार्जर जपानच्या १०० व्होल्टवर, अमेरिकेच्या १२० व्होल्टवर आणि युरोपच्या २३० व्होल्टवर सारखाच चालतो, मोबाइल, लॅपटॉप व कॅमेऱ्याचे आजचे चार्जर सहसा असेच असतात आणि त्यांना केवळ पिनांचा आकार जुळवणारा अ‍ॅडॅप्टर पुरतो.

खरी अडचण हेअर ड्रायर, इस्त्री यांसारख्या उष्णता निर्माण करणाऱ्या उपकरणांची असते. अ‍ॅडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, त्यामुळे केवळ १२० व्होल्टसाठी बनवलेला ड्रायर २३० व्होल्टवर लावल्यास चौपटीच्या जवळपास वीज खेचून जळू शकतो. त्याला पेलणारा कन्व्हर्टर जड असतो. माझ्या मते असा ड्रायर घरीच ठेवावा.

लॅपटॉपच्या प्लगला तीन पिना असल्यास अर्थिंग असलेलाच अ‍ॅडॅप्टर निवडावा, कारण अनेक ‘युनिव्हर्सल’ अ‍ॅडॅप्टरांत तिसरी पिन केवळ नावापुरती असते. अनेक उपकरणे असल्यास पुरेशा वॅटचा, अनेक यूएसबी-सी पोर्ट असलेला एकच चार्जर आणि एक साधा अ‍ॅडॅप्टर सोयीचा ठरतो.