आईला माझं नाव आठवत नाही, मग ओव्या कशा आठवतात?

“मॅडम, खरं सांगा, आई नाटक करतीय का?”

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या आईवडिलांबद्दल माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या मनात हा प्रश्न असतो, आणि तो विचारायची त्यांना लाज वाटते. आईला सकाळी खाल्लेलं दुपारी आठवत नाही. पोटच्या पोराला ती “तुम्ही कोणाकडचे?” म्हणून विचारते. आणि साठ वर्षांपूर्वीची गाणी मात्र घडाघडा म्हणते. मग राग येतो, आणि रागामागून वाटतं, हिला मीच नकोसा झालोय का?

हा प्रश्न विचारणाऱ्या एका कुटुंबाबद्दल त्यांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आई ऐंशीच्या घरातल्या, मूळच्या खटाव तालुक्यातल्या, आता पुण्यात मुलाकडे राहणाऱ्या. अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्याच एका प्रकाराचं, निदान झालेलं होतं. बी-१२, थायरॉइड, कान, सगळं तपासून झालं होतं. (हे आधी व्हायलाच हवं. माणूस दोन-चार दिवसांत एकाएकी भ्रमिष्टासारखं वागायला लागलं, तर समुपदेशकाकडे नाही, तातडीनं डॉक्टरांकडे न्यायचं. साधा लघवीचा संसर्गही म्हाताऱ्या माणसाची अशी अवस्था करतो.)

मुलगा रोज ऑफिसला निघण्याआधी आईसमोर बसायचा. “आई, मी कोण? सांग बघू.” त्या गोंधळायच्या, कधी आपल्या भावाचं नाव घ्यायच्या, कधी तोंड फिरवायच्या. आणि रविवारी सुनेनं पिठासाठी घरघंटी लावली की आतल्या खोलीतून ओव्या सुरू व्हायच्या. त्यातल्या एका ओवीत चक्क याच मुलाचं नाव! “गाण्यात माझं नाव येतं, विचारल्यावर येत नाही. मी काय समजायचं?” हे बोलताना त्याचा आवाज चढला, आणि मग एकदम बसला.

मी त्यांच्या घरी गेले ते मुद्दाम घरघंटीच्या वेळेला. आई दिवाणावर बसल्या होत्या. आवाज सुरू झाला, आणि थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात चादरीवर गोल फिरायला लागला. मूठ वळलेली, जात्याचा खुंटा धरल्यासारखी. खांदा त्या लयीत पुढं-मागं. डावा हात मधूनच पुढं येऊन मूठभर दाणे टाकल्यासारखा उघडायचा. मग ओवी आली. दोन-तीन ओव्या झाल्यावर उजवा हात थांबला आणि डाव्यानं फिरणं सुरू केलं. जात्यावर एक हात भरून आला की बायका हात बदलतात ना, अगदी तसं. नाटक करणारा माणूस एवढं बारीक कशाला करेल? मी मुलाला त्या हाताकडे बघायला सांगितलं. तोवर त्यानं फक्त ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

आठवण मेंदूत एकाच जागी साठलेली नसते. अल्झायमर बहुधा आधी गाठतो तो कानशिलाच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासचा भाग. नवी आठवण बसवायचं काम तिथलं. म्हणून सकाळचा नाश्ता टिकतच नाही. “मी कोण?” या प्रश्नाला तर चेहरा ओळखून, त्याच्याशी नातं जोडून, वर नाव शोधून काढावं लागतं, आणि तेही समोरचा रोखून बघत असताना. हाताला बसलेल्या सवयी मेंदूच्या दुसऱ्या भागांवर चालतात आणि ते भाग पुष्कळ दिवस तग धरतात. गाण्याचंही तसंच काहीसं आहे. जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की फार पूर्वीपासून ओळखीची गाणी ऐकताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तो अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानानं बराच कमी झिजतो. त्यात साधारण दहा ते तीस या वयातलं सगळं माणसाच्या मनात जास्त पक्कं बसतं. या आईंचं ते वय जात्यावर गेलं, पहाटे, आपल्या आईच्या आणि नंतर सासूच्या जोडीनं. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ असं आपल्याकडे म्हणतात, ते मला यांच्या बाबतीत शब्दशः खरं दिसलं. घरघर, हात आणि ओवी एकमेकांना धरून होतं. मुलाचं नावही त्यांच्या ओठांवर त्याच वाटेनं यायचं, कारण तो पाळण्यात असताना त्यांनी ते ओवीत गुंफलं होतं.

हे समजलं म्हणून दुःख संपलं नाही. पण मुलानं रोजची परीक्षा बंद केली. खोलीत शिरतानाच तो स्वतःचं नाव सांगून म्हणायला लागला: “आई, मी आलोय, चहा आणलाय.” उत्तर द्यायची सक्ती उरली नाही, तसं त्यांचं तोंड फिरवणंही कमी झालं.

उत्साहाच्या भरात त्यानं एक मात्र केलं. दिवसभर स्पीकरवर भजनं लावून ठेवली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई चिडचिड करायला लागल्या, संध्याकाळी तर आवरेनात. अशा वेळी गाणं औषधाच्या गोळीसारखं वेळापत्रकानं देता येत नाही, आणि ज्याला आवाज नको झालाय त्याला तो बंद करा म्हणून सांगताही येत नाही. थोडा वेळ लावावं, टीव्ही बंद ठेवावा, चेहरा बघत राहावं. आणि गाणं त्यांच्या आयुष्यातलं हवं, आपल्या आवडीचं नको. इथं मुलाच्या मावशी, म्हणजे आईंच्या बहीण, उपयोगी पडल्या. गावाकडून फोनवर त्या ओवीची पहिली ओळ म्हणायच्या आणि आई पुढची.

एकदा मेलेल्या भावावरची ओवी आली आणि आई हुंदके द्यायला लागल्या. सून घाबरून फोन बंद करायला धावली. मी म्हटलं, जवळ बसा, पाठीवरून हात फिरवा. भावासाठी बहिणीला रडू आलं, त्यात आजार काही नाही. रडणं थांबेना किंवा त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या, तर मात्र दुसरीकडे वळवायचं.

माझं निम्मं काम खरं तर सुनेबरोबर झालं. आंघोळीला आई मारायला उठायच्या. तिनं पाणी काढताना ओवी गुणगुणायला सुरुवात केली, आणि सगळे नाही, पण बरेच दिवस निभावून जायला लागले. तिला खरा त्रास होता तो नणंदेच्या बोलण्याचा. “माझ्याशी फोनवर किती छान गाते आई, तुम्हीच नीट बघत नाही.” मी तिघांना एकत्र बसवलं. नणंदेला सलग चार दिवस आणि रात्री आईजवळ राहायला सांगितलं. त्या राहिल्या, आणि ते वाक्य पुन्हा आलं नाही.

शेवटच्या भेटीत मुलानं विचारलं, “ओव्याही जातील का?” मी हो म्हटलं. आजार पुढं सरकतो, गाण्यानं तो बरा होत नाही. शब्द आधी गळतील, चाल बहुधा जास्त दिवस राहील, नंतर कदाचित नुसती बोटं हलतील. म्हणून आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा, आणि मावशीलाही गायला लावा, कारण पुढं आईसमोर ओवी दुसऱ्या कुणाला तरी म्हणावी लागेल. तो सगळं वहीत लिहून घेत होता.

आता महिन्यातला एक आठवडा नणंद येऊन राहते आणि सून माहेरी जाते. ज्यांच्याकडे अशी नणंद नाही, त्यांनी एकट्यानं रेटू नये. मन फार खचलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी एल्डर लाइनचा १४५६७, हे दोन्ही सरकारी आणि मोफत क्रमांक आहेत.