कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचाय? तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

दिवाळीत टीव्ही घेतले गेले आणि आता सगळ्यांना घरचा कॉम्प्युटर त्याला जोडायचाय असं दिसतंय, कारण या वेळचे बरेच प्रश्न त्याचेच आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तर रागावू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. माझा डेस्कटॉप बराच जुना आहे, मागे फक्त निळं व्हीजीए पोर्ट. मुलाने ४३ इंची फुल एचडी टीव्ही आणलाय त्याला व्हीजीए नाहीच, एचडीएमआय आहेत. बाजारातून व्हीजीए-एचडीएमआयची एक छोटी पिन आणली, जुनी मॉनिटरची केबल मध्ये लावून जोडली, पण टीव्ही नुसता नो सिग्नल दाखवतो. दुकानदार म्हणतो टीव्हीतच फॉल्ट आहे.
– निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, टीव्ही बिचारा ठणठणीत असणार, पिन उलट्या दिशेची आलीय. दुकानात सगळ्यात जास्त खपते ती एचडीएमआय टू व्हीजीए, म्हणजे नवा लॅपटॉप जुन्या मॉनिटरला किंवा प्रोजेक्टरला लावायची. तुम्हाला पाहिजे व्हीजीए टू एचडीएमआय. आता तुमच्या हातातली पिन बघा, तिची एचडीएमआयची बाजू टीव्हीत खुपसता येते आणि व्हीजीएच्या बाजूला भोकं आहेत ना? मग ती उलटीच. गंमत म्हणजे मध्ये जुनी केबल लावली की ती सगळीकडे व्यवस्थित बसते, म्हणून माणूस फसतो. ही पिन एका दिशेनेच चालते, फिरवून लावली तरी उपयोग नाही.

बरोबर वस्तूला व्हीजीएच्या बाजूला काटे असतात, एचडीएमआयच्या बाजूला नुसतं तोंड असतं ज्यात वेगळी एचडीएमआय केबल घालायची, आणि शिवाय दोन शेपट्या असतात, एक यूएसबीची आणि एक हेडफोनच्या जॅकसारखी. त्या शेपट्या शोभेच्या नाहीत. व्हीजीए १९८७ सालचं, त्यातून ॲनालॉग सिग्नल जातो, तो डिजिटल करायला आत चिप असते आणि त्या चिपला करंट यूएसबीतून मिळतो, ती शेपूट लोंबकळत ठेवली की परत नो सिग्नल. दुसरी शेपूट सीपीयूच्या मागच्या हिरव्या भोकात, कारण व्हीजीएतून आवाज जातच नाही.

पण थांबा, पैसे घालवायच्या आधी सीपीयूच्या मागे टॉर्च मारून बघा. बऱ्याच जुन्या मशीनला व्हीजीएच्या शेजारी एक पांढरं, लांबट, खूप भोकांचं पोर्ट असतं ते डीव्हीआय. ते असेल तर साधी डीव्हीआय टू एचडीएमआय केबल चालते, चिप नको, यूएसबी नको, कारण दोन्हीकडे डिजिटलच आहे. आवाजासाठी मात्र बहुतेक वेळा वेगळी वायर लागते.

अजून एक, जुना चौकोनी १७ इंची मॉनिटर १२८० बाय १०२४ ठिपक्यांवर चालतो आणि काही टीव्ही ते घेत नाहीत, मोड नॉट सपोर्टेड म्हणतात. म्हणून मॉनिटर लावलेला असतानाच रिझोल्युशन १२८० बाय ७२० करून ठेवा, टीव्हीवर चित्र उमटलं की मग १९२० बाय १०८० करा. आणि खरं सांगू का सर, टीव्ही स्मार्ट असेल आणि तुम्हाला फक्त यूट्यूबवर कीर्तनं बघायची असतील तर हा खटाटोप नका करू, टीव्हीतच यूट्यूब आहे आणि ते तुमच्या जुन्या मशीनपेक्षा चांगलं चालेल. आजकालचे व्हिडिओ ज्या फॉरमॅटमध्ये येतात ते उलगडायला जुन्या प्रोसेसरला दम लागतो, चित्र अडखळतं. फोटो तर पेनड्राइव्हमध्ये घालून टीव्हीच्या मागे लावले तरी दिसतात.

प्रश्न : लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला लावला, चित्र आलं, पण खालचा टास्कबार अर्धाच दिसतो, वरून ब्राउझरचं क्रॉसचं बटण गायब. अक्षरं पण धुरकट. केबल बदलून बघितली, महागातली घेतली, फरक शून्य.
– वाचक, नाशिक

उत्तर : महागातली केबल परत करता आली तर करा. हा केबलचा दोष नाहीच, एचडीएमआयची केबल बिघडली तर ठिपके चमकतात, चित्र येतं-जातं, काळं होतं, पण धुरकट होत नाही. तुमचा टीव्ही चित्र मुद्दाम थोडं मोठं करून दाखवतोय, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात.

हे कशाला करतो, तर जुनी सवय. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राची कड सरळ आणि सारखी यायची नाही, म्हणून चित्र जरा मोठं करून कड चौकटीमागे लपवायचे. आता ट्यूब गेली, पॅनलवर मोजून १९२० बाय १०८० ठिपके आहेत, तरी कितीतरी टीव्ही एचडीएमआयवर आलेलं चित्र अजून दोन-चार टक्के ताणतात. सिनेमात कळत नाही, कॉम्प्युटरवर लगेच कळतं कारण आपल्या कामाच्या सगळ्या गोष्टी कडेलाच असतात. आणि ताणल्यामुळे कॉम्प्युटरचा एक ठिपका टीव्हीच्या एका ठिपक्यावर बसत नाही, दोघांत वाटला जातो, म्हणून अक्षरं धुरकट. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

उपाय टीव्हीच्या रिमोटवर आहे. पिक्चर साइज किंवा आस्पेक्ट रेशो असं काही असतं त्यात जा, एलजीला जस्ट स्कॅन म्हणतात, सॅमसंगला स्क्रीन फिट, सोनीला फुल पिक्सेल, बाकी कंपन्यांत डॉट बाय डॉट नाहीतर एकास एक. ते निवडलं की टास्कबार जागेवर. बरेच जण हे टीव्हीत न शोधता लॅपटॉपच्या ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये चित्र लहान करून बसवतात, इंटरनेटवर पण तेच सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. कडा दिसतात पण चित्र आधी आकुंचन पावतं मग टीव्ही ते परत ताणतो, धुरकटपणा तसाच राहतो. टीव्हीत ते ऑप्शन नसेलच तर नाइलाज म्हणून करा.

दुसरं, इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआयचं नाव बदलून पीसी करायची सोय असते, ती करा. सॅमसंग आणि एलजीमध्ये हे नुसतं नाव नसतं, ते दिल्यावर टीव्ही समोर कॉम्प्युटर आहे असं धरून चालतो, चित्रावरचे मेकअपचे प्रकार बंद करतो आणि रंगाची पूर्ण माहिती ठेवतो. एरवी रंगाची माहिती अर्धी-पाव करून दाखवली जाते, सिनेमाला चालतं पण निळ्यावर लाल अक्षरं वाचून बघा, कडा फुटलेल्या दिसतील. शार्पनेस पण खाली आणा, जास्त शार्पनेसने अक्षरांभोवती पांढरी झालर येते.

तिसरं, विंडोजची की आणि पी एकत्र दाबा. डुप्लिकेट असेल तर लॅपटॉपचं १३६६ बाय ७६८ चित्रच टीव्हीवर जातं आणि ते फुल एचडीवर फुगवलं जातं. सेकंड स्क्रीन ओन्ली करा. टीव्ही स्वस्तातला एचडी रेडी असेल तर मात्र त्याचं पॅनलच बहुधा १३६६ बाय ७६८ असतं, आणि असे बरेच टीव्ही एचडीएमआयवर तो आकडा घेत नाहीत, ७२० किंवा १०८० घेऊन स्वतःच बसवतात, तिथे अक्षरं काचेसारखी होणार नाहीत, अक्षरांचा आकार दीडशे टक्के करा आणि वाचा.

प्रश्न : चित्र टीव्हीवर, आवाज लॅपटॉपमधूनच. टीव्हीचा आवाज शंभरवर नेऊन बघितला.
– वाचक, सांगली

उत्तर : खाली घड्याळाशेजारी स्पीकरचं चिन्ह आहे त्यावर क्लिक करा, आवाज कुठून काढायचा त्याची यादी येते, त्यात टीव्हीच्या कंपनीचं नाव असेल ते निवडा. विंडोज ११ मध्ये आवाजाच्या पट्टीशेजारचं छोटं चिन्ह दाबल्यावर ती यादी दिसते. यादीत नावच नसेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, परत टाका. आणि आधी शंभरवरून पंधरावर या, नाहीतर शेजारी येतील.

प्रश्न : डेस्कटॉपची एचडीएमआय टीव्हीला लावताना बोटाला झिणझिण्या येतात, एकदा पिन टेकताच बारीक ठिणगी पण उडाली. मुलं घरात असतात म्हणून भीती वाटते. वायर खराब आहे का?
– गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : वायर नाही, तुमच्या घरचं अर्थिंग बघा. आणि तोवर टीव्हीला जोडू नका, हे प्रकरण मी हसण्यावारी नेणार नाही.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेचा कचरा गाळायला छोटे कॅपॅसिटर असतात, त्यांची एक बाजू सीपीयूच्या पत्र्याच्या बॉडीला जोडलेली असते. अर्थिंग नीट असेल तर तो बारीकसा करंट जमिनीत जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसेल तर बॉडीवर २३० च्या साधारण निम्मं व्होल्टेज येऊन बसतं, करंट अगदी थोडा म्हणून झिणझिण्यांवर भागतं. बॉडीला टेस्टर लावा, दिवा लागेल. एचडीएमआयच्या पिनेचं बाहेरचं धातूचं कवच त्याच बॉडीला जोडलेलं असतं, दुसऱ्या बाजूला तुमच्या टीव्हीला केबलवाल्याची वायर, ती खांबावरून आलेली आणि तिकडे कुठेतरी जमिनीला टेकलेली. दोघांतला फरक पिन टेकताना ठिणगीतून बाहेर पडतो. माणूस सहसा वाचतो, एचडीएमआयचं पोर्ट मात्र जळतं, आणि ते टीव्हीच्या मेन बोर्डवरच असतं.

वायरमनला बोलवा आणि त्याला स्पष्ट सांगा की फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही व्होल्टेज मोजून दाखव, नुसतं तीन भोकांचं सॉकेट आहे म्हणजे मागे अर्थची वायर आहे असं नसतं. काही ठिकाणी शहाणे लोक अर्थच्या जागी न्यूट्रलच जोडून देतात, ते तर जीवघेणं, तसं अजिबात करू देऊ नका. तीन पिनांची दोन पिनांत करायची ती पिवळी-पांढरी कन्व्हर्टर पिन घरात असेल तर फेकून द्या. अर्थिंग झाल्यावरसुद्धा सवय लावून घ्या, टीव्ही, सीपीयू, सेट टॉप बॉक्स तिघांचे प्लग काढायचे, केबलवाल्याची वायर सोडायची, एचडीएमआय बसवायची, मग बाकीचं.

प्रश्न : ताई, ५५ इंची फोर के टीव्ही पीसीला मॉनिटर म्हणून लावलाय. माउस चिखलातून ओढल्यासारखा चालतो. रूममेटच्या नव्या पीसीला तर चित्रच येत नाही, ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे तरी.
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुझं आधी. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये बघ, ३० हर्ट्झ दिसेल, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. एचडीएमआय १.४ मध्ये फोर के फक्त ३० पर्यंत जातं, ६० ला २.० पाहिजे, आणि कार्ड, केबल, टीव्ही तिघांनाही ते जमलं पाहिजे. तिघंही ठीक असतील तर टीव्हीत त्या पोर्टसाठी एक स्विच असतो, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीत डीप कलर, तो चालू कर. काही टीव्हींत एखाद-दुसरंच पोर्ट ६० वालं असतं, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाच. ६० होऊनही जडपणा राहिला तर गेम मोड लाव, टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो तो वाचतो.

रूममेटला सांग केबल मदरबोर्डच्या पोर्टमधून काढून खाली ग्राफिक्स कार्डच्या आडव्या पोर्टमध्ये लाव. इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबरच्या शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्सच नसतं, मदरबोर्डवरचं पोर्ट नुसतं दिसायला.

प्रश्न : वायर न लावता जमेल का? आणि सोफ्यावरून वायरलेस माउस अडकत अडकत चालतो.
– वाचक, जळगाव

उत्तर : लॅपटॉप असेल तर विंडोज की आणि के दाबा, टीव्हीत मिराकास्ट, म्हणजे वायरशिवाय चित्र घ्यायची सोय, असेल तर नाव येईल. डेस्कटॉपला वायफाय नसतं बऱ्याचदा, तिथे ते चालणार नाही. फोटो, गाणी, फेसबुक यासाठी ठीक, पण माउस मागे राहतो आणि सिनेमा मध्येच गचके खातो, त्यामुळे रोजचं असेल तर मी वायरच लावायला सांगेन. पाच मीटरची साधी केबल पुष्कळ झाली, त्यापुढे खोली ओलांडून फोर के न्यायचं असेल तर फायबरवाली घ्या, ती एकाच दिशेने चालते, एका टोकाला सोर्स आणि दुसऱ्याला डिस्प्ले लिहिलेलं असतं, भिंतीत पाइपमधून ओढायच्या आधी बघून घ्या.

माउसचं म्हणाल तर त्याचा तो नखाएवढा रिसीव्हर सीपीयूच्या मागे निळ्या यूएसबी पोर्टमध्ये असणार. निळं म्हणजे यूएसबी ३, त्याचा गोंगाट माउसच्याच फ्रिक्वेन्सीला येतो, वर मध्ये पत्र्याचा डबा. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन घ्या, काळ्या पोर्टमध्ये लावा आणि रिसीव्हर टीव्हीच्या पुढे, सोफ्यावरून दिसेल असा ठेवा.