वाचक विचारतात : गवळी राजाचे गोठे आणि सोन्याचा हंडा

प्रश्न : शेताला लागून असलेल्या माळावर मोठमोठ्या धोंड्यांची रिंगणं आहेत. जुनी माणसं त्यांना गवळी राजाचे गोठे म्हणतात आणि मधल्या ढिगाखाली सोन्याचा हंडा असल्याचं सांगतात. खणून पाहावं का?
– एक वाचक, नागपूर जिल्हा

उत्तर : खणू नका. ती थडगी आहेत. गोठ्याला गुरांसाठी वाट ठेवावी लागते आणि आतली जमीन सपाट लागते. इथे धोंडे एकाला एक लागून असतात, मध्ये गोटे-मातीचा उंचवटा असतो. विदर्भातली ही शिळावर्तुळं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे ३०० आहेत. गवळ्यांशी त्यांचा संबंध जोडणारी समजूत एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींतही आढळते.

आत मिळतात काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, मणी. माहुरझरीला तर माणसाबरोबर घोडा पुरलेला सापडला, लोखंडी लगाम आणि तांब्याच्या साजासकट. हंडाभर सोनं मात्र कुठल्याच शास्त्रीय उत्खननात निघालेलं नाही. कुदळ चालली की कुठलं मडकं कोणत्या हाडाशेजारी होतं, हेच पुसलं जातं. अभ्यासकाला तर तेवढंच हवं असतं. गंजलेलं लोखंड हातातच भुगा होतं. नांगरताना काही वर आलंच, तर धुऊ-घासू नका. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

नोंद मात्र जरूर करा. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन व्यास टेपने मोजा, धोंडे मोजा. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे रांगेने कोरलेले असतात. भर दुपारी ते दिसतच नाहीत. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. खडूने रंगवू नका. शेंदूर फासला असेल तर खरवडू नका, दगडाचा पापुद्राही निघतो.

प्रश्न : गावाच्या वेशीवर एक उभा दगड आहे. त्यावर बांगड्या भरलेला हात, वर चंद्र-सूर्य. ही कुणाची कबर?

उत्तर : कबर नव्हे, सतीशिळा. कोपरात दुमडलेला हात ही तिची खूण. हे स्मारक वर्तुळांपेक्षा पुष्कळ नंतरचं, मध्ययुगातलं. हाताऐवजी खाली गाढव आणि स्त्री कोरलेली असेल, तर तो गधेगाळ : दिलेलं दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी. त्याच्याखालीही धन नसतं, पण वर लेख असू शकतो. ऑइलपेंट लावण्याआधी अक्षरांचा फोटो काढून पुरातत्त्व विभागाला पाठवा.