पडत्या शेअरमध्ये 'स्वस्त मिळतोय' म्हणून शिरण्याआधी

पेटीएमचा आयपीओ (शेअरची पहिली जाहीर विक्री) नोव्हेंबर 2021 मध्ये 2,150 रुपये प्रति शेअर दराने आला. भाव निम्म्यावर आला म्हणून शेअर स्वस्त होत नाही. 2,150 ला 10 आणि 1,075 ला 10 घेतले तर सरासरी 1,612.50 पडते; नुसते बरोबरीत यायला 1,075 वरून 50 टक्के वाढ लागते. म्हणून अॅव्हरेजिंगसाठी, म्हणजे पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी उतरवण्यासाठी, किती रक्कम घालायची, ते पहिल्या खरेदीआधीच लिहून ठेवा.

स्टॉपलॉसवर (ठरलेल्या भावाखाली गेल्यास आपोआप विकायची ऑर्डर) विसंबू नका. 31 जानेवारी 2024 ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. पुढचे दोन दिवस 20-20 टक्क्यांचे लोअर सर्किट (एका दिवसात भाव घसरण्याची कमाल मर्यादा) लागले: 761 वरून 609, मग 487. खरेदीदारच नसेल तर विक्रीची ऑर्डर नुसती रांगेत पडून राहते. अशा शेअरमध्ये एकूण भांडवलाच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

'पेटीएम अडचणीत, आता फोनपे, गूगल पे कमावणार' हा तर्कही तपासा. 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराकडून एमडीआर (पेमेंट स्वीकारण्याचं शुल्क) घेता येत नाही, त्यामुळे व्यवहार वाढले म्हणजे नफा वाढला असं नाही. यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय दर महिन्याला अॅपनिहाय आकडे देते. ते पाहाच, पण कर्जवाटप आणि साउंडबॉक्सच्या (दुकानात पैसे आल्याचं बोलून सांगणारं यंत्र) भाड्यातून काय येतं ते तिमाही निकालात शोधा.