फ्रेंच रिव्हिएरावरची आलिशान हॉटेलं : वाचकांचे प्रश्न

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी मेच्या मध्यावर सहा रात्री जायचं आहे. सगळ्या रात्री पंचतारांकित हॉटेल परवडणार नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं कान, नीस, की शेजारचं मोनाको? (ठाणे)

आधी तारीख हलते का पाहा, गाव नंतर ठरवू. मेच्या मध्यावर कानचा चित्रपट महोत्सव असतो. क्रवाझेत या समुद्राकाठच्या रस्त्यावरची कार्लटन, मार्टिनेझ, मॅजेस्टिक ही हॉटेलं तेव्हा चित्रपट कंपन्या आणि प्रायोजकांनी कितीतरी आधी अडवलेली असतात. उरलेल्या खोल्या मिळाल्या तरी सलग अनेक रात्रींची अट आणि परतावा नसलेला दर पदरी पडतो. मोनाकोची फॉर्म्युला वन ही मोटारींची शर्यत २०२५पर्यंत मेच्या अखेरीस होत असे, २०२६पासून ती जूनच्या सुरुवातीला गेली आहे. शिवाय मार्चमध्ये कानला स्थावर मालमत्तेचं मोठं प्रदर्शन, जूनमध्ये जाहिरातवाल्यांचा महोत्सव, सप्टेंबरमध्ये आधी कानला आणि महिनाअखेर मोनाकोला बोटींची प्रदर्शनं. त्या दिवसांत तीच खोली, तोच पलंग, पण दर कुठल्या कुठे. वाढदिवस उशिरा साजरा करायची तयारी असेल तर सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात घ्या. समुद्राचं पाणी मेपेक्षा सप्टेंबरमध्ये चांगलंच उबदार असतं, कारण ते उन्हाळाभर तापलेलं असतं. मेमध्ये हवा छान, पण पाण्यात पाय घातला की माणूस परत फिरतो.

तारीख हलणारच नसेल तर मुक्काम नीसला करा. तिथून कान लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, मोनाको वीस-पंचवीस मिनिटांवर. चार रात्री स्टेशन किंवा ट्रामजवळच्या साध्या तीन तारांकित हॉटेलात काढा आणि शेवटच्या दोन रात्री मोठ्या हॉटेलात. शेवटच्याच का? पहिल्या रात्री तुम्ही थकलेले असता, आणि मुंबईहून नीसला थेट विमान नसल्यामुळे मधलं विमान चुकलं तर सगळ्यात महागडी रात्र विमानतळावर जाते. एकच रात्र घेऊ नका. खोली साधारण दुपारी तीनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते, म्हणजे हातात वीस-एकवीस तास, त्यातले आठ झोपेत. दोन रात्री घेतल्यात तर मधला एक दिवस पूर्ण तुमचा. पहिल्या दिवशी सकाळीच सामान नेऊन ठेवा आणि खोली मिळेपर्यंत पोहण्याचा तलाव वापरता येईल का विचारा. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत.

स्वस्त पडेल म्हणून जानेवारीचा बेत आखणाऱ्यांना एक सूचना. कान आणि नीसच्या मधल्या आँतीबच्या टोकावरचं ओतेल द्यू काप-एदन-रॉक हे हॉटेल हिवाळ्यात बंद असतं, आणि असं करणारं ते एकटंच नाही.

'सी व्ह्यू' खोली घेतली होती. हॉटेलच्या मेलमध्ये 'व्हू मेर लातेराल' असं आलंय. फसवणूक आहे का? आणि 'खासगी बीच' म्हणजे आपल्याला फुकट ना? (पुणे)

फसवणूक नाही, तुमच्याकडून नीट वाचायचं राहिलं. नुसतं 'व्हू मेर' म्हणजे खिडकीसमोर समुद्र. 'लातेराल' म्हणजे बाजूने, बाल्कनीत उभं राहून मान वळवली की दिसणारा. 'पार्स्येल' म्हणजे इमारतींच्या फटीतून. 'व्हू व्हिल' म्हणजे गाव, 'कूर' म्हणजे आतलं अंगण. 'सुपिरियर', 'डिलक्स' हे शब्द खोलीच्या आकाराबद्दल आणि सजावटीबद्दल बोलतात, खिडकीबाहेर काय आहे त्याबद्दल नाही. त्यामुळे समुद्र न दिसणारी डिलक्स खोली अगदी कायदेशीर असते.

खोली घेण्याआधी मेलमध्ये चार गोष्टी विचारा : मजला कितवा, समुद्र समोरून दिसतो का, बाल्कनीत दोन खुर्च्या मावतात का, आणि पलंग एकसंध आहे की दोन गाद्या जोडलेल्या. बाल्कनीचा प्रश्न फालतू नाही. नुसता कठडा लावलेल्या उंच खिडकीलाही तिथे बाल्कनी म्हणतात. मजल्याचंही तसंच. नीसचा समुद्राकाठचा रस्ता, प्रोमनाद देझांग्ले, हा वाहता हमरस्ता आहे. खालच्या मजल्यावरून आधी ताड, मग गाड्या, मग समुद्र दिसतो. खिडकीला दुहेरी काच असते, पण लाटा ऐकायला खिडकी उघडलीत की स्कूटरही ऐकू येतात. १९१३ साली उघडलेलं नेग्रेस्को हॉटेल याच रस्त्यावर आहे, आणि अशा जुन्या वास्तूंत एकाच दराच्या दोन खोल्या सारख्या नसतात. खोली पसंत नसेल तर बॅग उघडण्याआधी, नम्रपणे, काउंटरवर सांगा. एकदा का कपडे कपाटात गेले की बाजू लंगडी होते.

आता बीच. नीस आणि कानच्या बहुतेक मोठ्या हॉटेलांत किनारा रस्त्यापलीकडे असतो. ती जागा हॉटेलच्या मालकीची नसते, सरकारी किनाऱ्याचा ठरावीक मुदतीचा ठेका असतो. म्हणून आरामखुर्ची आणि छत्रीचे पैसे बहुधा हॉटेलात राहणाऱ्यांनाही वेगळे पडतात. पाण्याजवळची पहिली रांग सगळ्यात महाग, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती आदल्या दिवशीच सांगून ठेवावी लागते. पाण्याच्या कडेने चालायला मात्र कुणी अडवू शकत नाही. किनाऱ्यावर सगळ्यांना पायी मोकळा प्रवेश, हे फ्रान्सच्या १९८६च्या किनारा कायद्यातच आहे. नीसचा किनारा गोट्यांचा आहे. रबरी बूट नेले नाहीत तर पाण्यापर्यंतची दहा पावलं जन्मभर लक्षात राहतील. वाळू हवी असेल तर कान.

हॉटेल सोडून दहा दिवस झाले. बिल रोख दिलं, तरी फॉरेक्स कार्डावरचे काही शे युरो अडकलेलेच आहेत. (नाशिक)

तुम्ही गेल्या गेल्या दिलेल्या कार्डावर हॉटेलने अनामतीची रक्कम रोखून ठेवली : खोलीचं भाडं, अधिक मिनीबार-जेवणासाठी रोजची ठरावीक रक्कम. ही वसुली नसते, पण तेवढे पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्डावर नुसती मर्यादा कमी होते, फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर मात्र खरी शिल्लक अडकते. पुढे बिल रोख किंवा दुसऱ्या कार्डाने भरलं की पहिली नोंद आपोआप पुसली जात नाही. हॉटेलने ती सोडली नाही तर बँक मुदत संपेपर्यंत वाट पाहते, आणि त्याला कधी आठवडा, कधी महिना लागतो.

हॉटेलच्या हिशेब खात्याला मेल करा : रक्कम सोडल्याचं पत्र, मूळ मंजुरी क्रमांक, रक्कम आणि तारीख मागा. तो क्रमांक कार्ड देणाऱ्या बँकेला दिला की काम लवकर होतं, नुसत्या तक्रारीने होत नाही. पुढच्या वेळी अनामतीला क्रेडिट कार्ड द्या आणि निघताना त्याच कार्डाने बिल भरा. यंत्रावर 'रुपये की युरो' विचारलं तर डोळे झाकून युरो. रुपये निवडलेत तर यंत्रवाला स्वतःच्या चढ्या दराने बदल करून देतो.

बिलात मुक्काम कर वेगळा दिसेल. तो माणशी, दर रात्रीचा असतो आणि अठरा वर्षांखालच्यांना माफ. सेवाशुल्क मात्र फ्रान्समध्ये दरातच धरलेलं असतं. बक्षिशी आपली खुशी.

आईवडील शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाहीत. महागड्या हॉटेलात तरी सोय होईल ना? (कोल्हापूर)

होईल, पण नुसतं 'व्हेजिटेरियन' सांगून नाही. मांस नको, मासे नकोत, अंडं नको, मांसाचा किंवा माशांचा अर्क नको, हे चारही फ्रेंचमध्ये लिहून दोन दिवस आधी कळवा. सूपचा आधार बऱ्याचदा कोंबडीचा अर्क असतो, आणि पारमेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतं. नीसच्या पिसालादिएर या पिझ्झासारख्या पदार्थावर वरवर नुसता कांदा दिसतो, पण त्यात अँचोव्ही हे खारवलेले मासे असतात. निस्वाझ सॅलडमध्येही तेच, वर अंडं. ब्रियोश या मऊ गोडसर पावात अंडं असतंच, क्रुवासाँला वरून अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो. 'बागेत' (baguette) हा साधा लांबट पाव निर्धास्त खावा : मैदा, पाणी, मीठ, यीस्ट.

आणि सोका जरूर खायला घाला. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या परातीत कडक भट्टीत भाजलेलं. आईंना ते बेसनाचं धिरडंच वाटेल, फक्त मिरची-कोथिंबीर घरी विसरलेलं. ते जुन्या नीसच्या गल्लीत मिळतं, हॉटेलात शोधू नका. हॉटेलचा नाश्ता दरात नसेल तर माणशी दर पाहून मगच हो म्हणा. फळं, दही आणि पावासाठी तेवढे मोजण्यात अर्थ नाही.

व्हिसासाठी आधीच हॉटेलचे पैसे भरावे लागतात का? मोनाकोचा व्हिसा वेगळा? (संभाजीनगर)

पैसे भरायची गरज नाही, रद्द करता येणारं आरक्षण चालतं. फक्त त्यावर प्रत्येक प्रवाशाचं नाव हवं आणि सगळ्या रात्री झाकल्या गेल्या पाहिजेत. एक रात्र मोकळी राहिली तरी प्रश्न येतो. मोनाकोला वेगळा व्हिसा नाही, शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावरच जाता येतं. इटलीतल्या रात्री फ्रान्सपेक्षा जास्त असतील तर अर्ज इटलीकडे करा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, पण उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही, त्यामुळे दोन-तीन महिने आधी हालचाल करा.

मोन्ते कार्लोच्या कॅसिनोत साडी चालते का? (डोंबिवली)

चालते, आणि शोभते. चालत नाहीत त्या यजमानांच्या अर्ध्या चड्ड्या आणि स्लिपर्स. संध्याकाळी पूर्ण पँट, कॉलरचा शर्ट आणि बंद बूट असू द्यात. वयाची अट १८ आहे, आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, मोबाइलवरच्या फोटोवर भागत नाही.